अन्न, अपूर्णब्रह्म आणि आपलं आंधळगाव

मंडळी, व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा गावातल्या एका जुन्या मित्रानं आम्हाला फोन केला. म्हणाला, "सर, तुम्ही तर तत्त्वज्ञानाचे. मंग हे खाण्यापिण्याचं काऊन बोलता जी?" प्रश्न बरोबर आहे. आम्ही पस्तीस वर्षं कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं आणि त्यातली निदान तीस वर्षं अन्नाबद्दल बोललो, पण स्वयंपाकाबद्दल एकदाही बोललो नाही. आजचं बोलणं त्या चुकीपासूनच सुरू करू.

तैत्तिरीय उपनिषदात भृगूची गोष्ट आहे. तो वडलांकडे, वरुणाकडे जातो आणि ब्रह्म म्हणजे काय ते सांगा म्हणतो. वडील उत्तर देत नाहीत, तप कर म्हणतात. भृगू तप करतो, आणि त्याला पहिल्यांदा कळतं ते हे की अन्न हेच ब्रह्म. तो परत येतो, पुन्हा तप करतो. मग प्राण, मग मन, मग विज्ञान आणि शेवटी आनंद. परीक्षेत हा प्रश्न हमखास यायचा. मुलं पायऱ्या पाठ करायची, आम्ही गुण द्यायचो. शिकवताना आमचा सगळा जोर वरच्या पायऱ्यांवर. अन्न ही खालची पायरी, ओलांडून जायची. ते कुणी शिजवलं, कुणाला मिळालं, कुणाच्या ताटात काय पडलं, हे प्रश्न आमच्या टिपणांत नव्हते. त्याच उपनिषदात अन्नाची निंदा करू नये असंही सांगितलंय. ते वाक्य आम्ही वाचून पुढे जायचो.

आता एक जुनी गोष्ट सांगतो. ती सांगायला आम्हाला पन्नास वर्षं लागली.

1971-72 साली आम्ही नागपुरात वसतिगृहात राहत होतो. कोणत्या, ते सोडा. मेसच्या भिंतीवर रंगानं लिहिलेलं होतं, अन्न हे पूर्णब्रह्म. आमच्या खोलीत तिघं. त्यातला एक आपल्याच जिल्ह्यातला, पवनीकडचा. हुशार मुलगा, गणितात आमच्या पुष्कळ पुढे. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो घरून एक पत्र्याचा डबा घेऊन आला. रात्री अभ्यास झाला की त्यातले वाळलेले काळपट तुकडे काढायचा, स्टोव्हवर भाजायचा आणि चटणीसोबत खायचा. वाळवलेलं मांस होतं ते. कशाचं, हे त्यानं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. वासाची तक्रार मात्र केली. लेखी केली. खाली तीन सह्या होत्या, त्यातली एक आमची. आठ दिवसांत तो खोली सोडून गेला. भांडला नाही. जाताना डबा धुऊन, पुसून, पेपरात गुंडाळून घेऊन गेला. ते धुणं आम्हाला अजून दिसतं.

त्या डब्यात काय होतं, ते कसं करतात, किती दिवस टिकतं, घरी ते कोण करतं, हे आम्हाला कळलं तेव्हा आम्ही निवृत्त झालो होतो. कळलं एका पुस्तकातून. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म'. 2015 साली ते मराठीत आलं. नाव बघा. भिंतीवरच्या वाक्यात एकच अक्षर घातलं, 'अ'. आमच्या विषयात या एका अक्षराला फार किंमत आहे. द्वैत आणि अद्वैत यांच्यात तेवढाच फरक.

पाटोळे मराठवाड्यातले, उस्मानाबाद म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातले. पत्रकारितेतून पुढे केंद्र सरकारच्या माहिती सेवेत गेले आणि तिथून निवृत्त झाले. म्हणजे आयुष्यभर बातमी आणि माहिती याच धंद्यात. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण या पुस्तकाचा कस त्या धंद्यातून आलाय असं आमचं मत आहे. कवीनं लिहिलं असतं तर वेदना वर आली असती. आमच्यासारख्या प्राध्यापकानं लिहिलं असतं तर तळटिपा वर आल्या असत्या. बातमीदाराची सवय वेगळी. तो विचारतो, कुणी केलं, कुठे केलं, कशात केलं, कधी खाल्लं, कुणाला किती वाटा मिळाला. मराठवाड्यातल्या महार आणि मांग या दोन समाजांच्या चुलीला त्यांनी हे प्रश्न विचारले. बाहेरून आलेल्या माणसानं विचारले असते तर उत्तरं मिळाली नसती. हे तर घरचेच.

पुस्तकात काय आहे? चान्या आहेत, म्हणजे मांसाच्या लांब पट्ट्या कापून उन्हात वाळवलेल्या. आमच्या मित्राच्या डब्यातलं तेच. रक्ती आहे, वजडी आहे, येसूर आहे. रानातल्या, बांधावरच्या भाज्या आहेत. तूप नाही, दूध नाही, तेलसुद्धा नावापुरतं. बाजारातला महाग मसाला नाही. जनावर कापल्यावर कोणता भाग आधी शिजवायचा, कोणता टिकवायचा, हे ज्ञान आहे. ज्ञान हा शब्द आम्ही विचार करून वापरतो. बर्फ नाही, फ्रिज नाही, आणि पन्नास माणसांना पुरेल एवढं मांस एका दिवशी हाती आलं, पुढे महिनाभर काही येणार नाही. अशा वेळी मीठ, ऊन, वारा आणि पट्टीची जाडी यांचा हिशोब चुकला तर सगळं कुजतं. तो हिशोब बायका मनात ठेवत होत्या.

आता थोडं मागे जाऊ. कारण जेवणाबद्दल लिहिणं आपल्याकडे काही 2015 साली सुरू झालं नाही.

आपल्या जिल्ह्याचंच घ्या. इंग्रजांच्या काळात, 1908 साली, भंडारा जिल्ह्याचं गॅझेटियर निघालं. संपादक आर. व्ही. रसेल. मग याच रसेलनं रायबहादूर हिरालाल यांच्या मदतीनं मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर चार खंड काढले, 1916 साली. आमच्याकडे त्यांची छापील प्रत आहे, कोष्ट्यांवरचं टिपणही त्यात आहे. हे खंड चाळताना एक गोष्ट सारखी दिसते. प्रत्येक जातीखाली खाण्याचा उल्लेख येतो. हे कोंबडी खातात, हे डुक्कर खात नाहीत, हे अमक्याच्या हातचं पाणी घेतात, तमक्याच्या हातचं नाही. पण एखादा पदार्थ करतात कसा, ते जवळजवळ कुठेच नाही. रसेलला अन्न हवं होतं ते पट्टी म्हणून, जात कुठल्या उंचीवर आहे ते मोजायला. माहिती खोटी आहे असं आम्ही म्हणत नाही. त्या माहितीला चव नाही.

त्याच सुमाराला, 1910 साली, मुंबईत लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' आलं. हजार पाकक्रिया! त्यात चव भरपूर आहे, पण ती शिकलेल्या, मुंबईतल्या, भरल्या घरांची. पुढे 1970 साली कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आलं आणि मराठी घराघरांत गेलं. आमच्या लग्नात आलेल्या आहेरात त्याच्या दोन प्रती होत्या. 'रुचिरा'चा मोठेपणा आम्ही मानतो. वाटी आणि चमचा ही मापं देऊन कमलाबाईंनी नवख्या सुनेला धीर दिला. सासूला न विचारता स्वयंपाक करता येऊ लागला, ही लहान क्रांती नव्हे. पण ज्या घरात मोजायला वाटीभर तूपच नाही, त्या घराला हे माप कसं लागू पडणार? 'महाराष्ट्रीय जेवण' म्हणून जे पुढे हॉटेलांत, टीव्हीवर आणि पाटीवर गेलं, ते या पुस्तकांतलं. नागपुरातल्या हलबा कोष्ट्यांची सावजी तेवढी आपल्या तिखटाच्या जोरावर पाटीपर्यंत पोचली. आपल्या गावातल्या विणकरांना त्याचा अभिमान आहे, असूही दे.

तुम्ही म्हणाल, दलितांचं जेवण मराठीत आलंच नव्हतं काय? आलं होतं. दया पवारांचं 'बलुतं' 1978 चं, शरणकुमार लिंबाळ्यांचं 'अक्करमाशी' 1984 चं, बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं', ऊर्मिला पवारांचं 'आयदान'. या आत्मकथनांतून भाकरी पानोपानी भेटते. पण ती बहुधा न मिळालेली भाकरी आहे. भुकेचं इतकं लेखन जगातल्या फार थोड्या भाषांत असेल. 2009 साली पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी 'इझन्ट धिस प्लेट इंडियन?' नावाची पुस्तिका केली. हे ताट भारतीय नाही का, असा सरळ सवाल त्यांनी अभ्यासक्रमाला विचारला. पाटोळ्यांच्या आधी वाट कुणीच पाडली नव्हती असं म्हणणं चूक होईल. पाटोळ्यांनी वेगळं काय केलं, तर भूक होती हे धरूनच त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, की जे मिळालं ते रुचकर कसं केलं? गरिबाला भूक असते हे सगळे मान्य करतात. त्याला जीभ असते, आवडनिवड असते, अमकीच्या हातची चव तमकीला येत नाही असं त्याच्या वाड्यातही बोललं जातं, हे मान्य करायला आपल्याला जड जातं. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी गुलामीच्या काळापासून चालत आलेल्या जेवणाला 1960 नंतर 'सोल फूड' असं नाव दिलं आणि ते ताठ मानेनं वाढलं. नाव मिळालं की ताट बदलत नाही, ताटाकडे बघणारा बदलतो.

आता अवघड भाग. इथे थोडा वेळ घेऊ.

महाडला 19 आणि 20 मार्च 1927 ला परिषद भरली. चवदार तळ्याचं पाणी आपल्याला आठवतं. पण त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस खाऊ नका, उष्टं, शिळं मागून आणू नका, असं बजावून सांगितलं. लोकांनी ऐकलं. गावोगाव ऐकलं, आपल्या वैनगंगेच्या काठानंही ऐकलं. याच भंडारा मतदारसंघातून बाबासाहेब 1954 ची लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून हरले. आम्ही तेव्हा पाळण्यात. पण त्या सभांच्या आठवणी सांगणारी माणसं आम्ही मोठं होताना ऐकली आहेत. पुढे 1956 चं नागपूरचं धर्मांतर झालं, आणि अनेक घरांतून जुनं खाणं गेलंच, त्याचं नाव काढणंसुद्धा गेलं.

मग प्रश्न असा की जे सोडण्यासाठी एवढा लढा झाला, ते एका मुलानं, नातवानं पुन्हा पुस्तकात का लिहावं? हा प्रश्न आम्हाला एका माजी विद्यार्थ्यानं विचारला. तो बौद्ध आहे, शाळेत मुख्याध्यापक होता. म्हणाला, "सर, आमच्या आजोबानं जे टाकलं ते तुम्ही आता संस्कृती म्हणून आम्हालाच वाढता काय?" त्याचा राग आम्हाला रास्त वाटला, आजही वाटतो. आम्ही त्याला जे म्हटलं ते तुमच्यापुढे ठेवतो. तो आमच्याशी सहमत झाला नाही, हेही सांगून ठेवतो.

बाबासाहेबांचा हल्ला चवीवर नव्हता. मेलेलं ढोर ओढणं आणि त्याबदल्यात त्याचं मांस मिळणं हा गावगाड्यातला व्यवहार होता, आणि तो व्यवहार माणसाला अस्पृश्य ठेवत होता. 1948 च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी गोमांस आणि अस्पृश्यता यांचा संबंध इतिहास म्हणून तपासला. म्हणजे त्यांनीही त्या ताटाकडे पाठ फिरवली नाही, त्यावर ग्रंथ लिहिला. सोडणं वेगळं आणि पुसणं वेगळं. पाटोळे कुणाला पुन्हा ते खा म्हणत नाहीत. आमच्या आया हे करत होत्या आणि असं करत होत्या, एवढं नोंदवतात. सोडलेल्या गोष्टीचीही नोंद लागते. नाहीतर सोडलं काय हेच पुढच्याला कळत नाही. आणि मग नोंद उरते ती रसेलची.

पाटोळ्यांशी आमचा एक वाद होता. तो आता मिटलाय, पण कसा मिटला ते ऐका. पुस्तकात त्यांनी धर्मग्रंथांवर आणि संतवाङ्मयावर बरंच लिहिलंय. सात्त्विक, राजस, तामस ही आहाराची वर्गवारी जातीला जाऊन चिकटते, असा त्यांचा रोख. आम्ही म्हटलं, हे घाईचं झालं. गीतेच्या सतराव्या अध्यायात जात नाही, तिथे आहाराचे गुण आहेत. रसाळ, स्निग्ध, ते सात्त्विक. फार तिखट, फार खारट, ते राजस. मार्जिनमध्ये आम्ही पेन्सिलीनं 'घाई' असं लिहिलंसुद्धा. मग खात्री करायला अध्याय उघडला, वर्गात शंभरदा शिकवलेला. तामस आहाराच्या यादीत काय आहे? बराच वेळ झालेलं, रस गेलेलं, शिळं आणि उष्टं. पुस्तक मिटून आम्ही बसून राहिलो. ज्या माणसाला रीतीनं उष्टं आणि शिळंच द्यायचं, त्याचा आहार तामस ठरणार, मग आहारावरून त्याची वृत्ती तामस ठरणार, आणि वृत्ती तामस म्हणून त्याला उष्टंच बरं. श्लोकात जात नाही हे खरं. पण श्लोक ज्या गावात राहतो त्या गावात जात आहे. आम्ही पेन्सिलीचं 'घाई' खोडलं. आमचीच घाई होती ती.

तरी एक तक्रार शिल्लक आहे. संतांच्या बाबतीत पाटोळे जरा सरसकट बोलतात. चोखोबांचा अनुभव आणि समर्थांचा उपदेश एका पोत्यात घालता येत नाही. असो, ग्रंथ आहे म्हटल्यावर वाद होणारच.

पुस्तक आलं ते वर्ष पुन्हा लक्षात घ्या, 2015. त्याच वर्षी मार्चमध्ये महाराष्ट्राच्या प्राणी रक्षण कायद्यातली दुरुस्ती लागू झाली. गाय आधीपासून होतीच, आता बैल आणि वळू कापायलाही बंदी आली. कायदा बरा की वाईट यावर इथे आम्ही भाषण करणार नाही, वेळ नाही. पण ज्या चान्यांची कृती या पुस्तकात छापली गेली, त्या बैलाच्या मांसाच्या करणं त्याच वर्षी बेकायदा झालं, ही गोष्ट इतिहासकाराच्या नजरेतून सुटू नये. पुढे 2024 साली भूषण कोरगावकरांनी, तेच 'संगीत बारी'चे लेखक, या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद केला, 'दलित किचन्स ऑफ मराठवाडा'. मग दिल्ली-मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत त्याची दखल घेतली गेली. आमच्या एका नातीनं बंगळूरहून फोन करून, आजोबा हे पुस्तक वाचलंत का, असं विचारलं. मराठीत नऊ वर्षं ते होतं. आपल्याकडे घरातली वस्तू शेजाऱ्यानं वाखाणल्यावरच दिसते.

आता आंधळगावला येऊ. तुम्ही म्हणाल, मराठवाड्याचं ऐकलं, आमचं काय?

आपला जिल्हा तलावांचा आणि धानाचा. कार्तिकात धान उभं असतानाच, बांधीत ओल असते तेव्हा, त्यात लाखोळी फेकायची. आपल्या तोंडी लाखोरी. याला उतेरा म्हणतात. नांगर नाही, खत नाही, पाणी नाही. धान कापून नेलं की त्या ओलीवर लाखोरी वर येते. कमी ओलीत, कसल्याही हंगामात येणारं हे पीक, म्हणून गरिबाचं. तिची डाळ, तिचे वडे, तिच्या कोवळ्या पाल्याची भाजी. पण तिच्यात एक विषारी घटक असतो. महिनोन्महिने दुसरं काही न मिळता तीच खावी लागली तर पाय लुळे पडतात. विंध्याकडे, रीव्याच्या भागात, शेतमजुरांच्या बाबतीत तसं झालं. 1961 साली केंद्रानं तिच्या विक्रीवर बंदी घातली. पिकवायला बंदी नव्हती, विकायला होती. त्यामुळे आपल्या बांधीत ती उगवत राहिली आणि बाजारात तिचं नाव हळू आवाजात घेतलं जाऊ लागलं. नागपूरचे शांतिलाल कोठारी या बंदीविरुद्ध वर्षानुवर्षं लढले, उपोषणाला बसले.

लाखोरीवर डॉक्टरांनी लिहिलं, शास्त्रज्ञांनी लिहिलं, सरकारनं आदेश काढले. सगळं तिच्या विषाबद्दल. आमची आई डाळ गरम पाण्यात भिजत घालायची आणि ते पाणी फेकायची, कधी शिजवून वरचं पाणी काढून टाकायची. का, विचारलं तर म्हणायची, "तसंच करतेत." पुढे शास्त्रज्ञांच्या लेखांत आम्ही वाचलं की भिजवून, उकळून पाणी टाकलं तर विषाचा अंश बराच कमी होतो. तिला त्या घटकाचं नाव माहीत नव्हतं, कृती माहीत होती. ती कृती कुठल्या पुस्तकात तिच्या नावानं नाही. आम्ही तिचा मुलगा, तत्त्वज्ञानाचा डॉक्टर, आम्हीही लिहून ठेवली नाही. ढिवरांच्या घरचे वाळवलेले झिंगे, गोंडांच्या घरची मोहाची भाकर, कोष्टीपुऱ्यात मागावरून उठून पाच मिनिटांत उरकायचं जेवण, तलावातला शिंगाडा वाळवून केलेलं पीठ, यातलं किती लिहिलं गेलंय? कोसा कसा काढतात, किती रंगांत विणतात, यावर सरकारी पत्रकं आहेत. विणणारी बाई दुपारी काय खाते यावर एक ओळ नाही.

म्हणून गेल्या दोन महिन्यांत आम्ही आणि इथल्या कॉलेजातल्या चार मुलींनी मिळून एक वही घातली आहे. पहिला प्रयोग फसला. मुलींनी छापील तक्ता केला होता, साहित्य, प्रमाण, कृती. कोष्टीपुऱ्यातली एक आजी त्याच्याकडे बघून म्हणाली, "परमान काहाचं? घरात असेल तेवढं." मग तक्ता टाकला, कोरी वही घेतली. पाटोळ्यांकडून घेतलेला धडा असा की आधी गोष्ट ऐकायची, पदार्थ तिच्यातून येतो. पहिल्या पानावर लाखोरीचे वडे आहेत, सांगणारीच्याच शब्दांत. त्यात मिठाआधी 1972 चा दुष्काळ येतो, रोजगार हमीची खडी येते, रेशनवरचा लाल मिलो येतो, त्याच्या भाकरीचा चिकटपणा येतो आणि मग कुठे वडा तळला जातो.

दुसरं पान मात्र अजून कोरं आहे. बौद्ध वस्तीत गेलो तेव्हा एका म्हाताऱ्या गृहस्थांनी चहा दिला, नीट बसवलं, आणि म्हणाले, "ते नाही सांगणार सर. ते आमच्यापाशीच राहू द्या." मुलींपैकी एकीनं वही मिटली. आम्ही चहा संपवला आणि उठलो. पवनीकडच्या त्या मित्राचा पत्ता आम्ही गेल्या वर्षी मिळवला. पत्र लिहून ठेवलंय, टाकलेलं नाही. पत्रात माफी आहे, पण त्याच्या डब्यातली कृती विचारावी की नाही, ते आम्हाला अजून ठरवता आलेलं नाही.

एवढंच. मागच्या बाजूला कोष्टीपुऱ्यातल्या बायांनी वडे आणलेत, गरम आहेत. प्रश्न खाता खाता विचारा.